खाण्याच्या नियमांना इतिहासाचा दाखला कशाला?

न्यूयॉर्कच्या पुढाऱ्याने जेवावं तरी कसं? जानेवारी २०१४मध्ये त्या शहराचे नवेकोरे महापौर बिल डी ब्लासिओ स्टॅटन आयलंडवरच्या एका पिझ्झेरियात गेले आणि काटा-सुरीने पिझ्झा खाऊन बसले. झालं! वर्तमानपत्रांना मथळे मिळाले, टीव्हीवरच्या विनोदवीरांची सोय झाली. न्यूयॉर्करने पिझ्झा हातात घेऊन, मधोमध दुमडून खायचा असतो, हे ज्याला कळत नाही तो शहर काय चालवणार? मग जून २०२५मध्ये त्याच शहरात महापौरपदाचे उमेदवार जोहरान ममदानी एका व्हिडिओत हाताने भात खाताना दिसले. टेक्ससचे खासदार ब्रँडन गिल यांनी लगेच निकाल दिला की अमेरिकेत सुसंस्कृत माणसं असं खात नाहीत, आणि पाश्चात्त्य चालीरीती नको असतील तर तिसऱ्या जगात परत जावं. एकाने काटा घेतला म्हणून बोलणी खाल्ली, दुसऱ्याने घेतला नाही म्हणून. शहर एकच, मधे अकरा वर्षं.

दुसऱ्या प्रसंगानंतर जो वाद पेटला, तो दोन्ही बाजूंनी फार वाईट लढला गेला. तिकडून ‘संस्कृती’ आली, तर इकडून पाच बोटांतली पंचमहाभूतं, बोटांच्या टोकांवरचे पाचक रस आणि पाच हजार वर्षं. डी ब्लासिओंनीही त्यांच्या वेळी हेच केलं होतं. ‘माझ्या पूर्वजांच्या देशात पिझ्झा असाच खातात,’ म्हणत इटलीला साक्षीला बोलावलं. (ते खरंही आहे. नेपल्समध्ये लोक बसून काटा-सुरीने पिझ्झा खातात.) म्हणजे घास तोंडात जाण्याआधी प्रत्येकाला पूर्वज, शास्त्र किंवा सभ्यता यांपैकी एकाची सही लागते. माझं म्हणणं असं की ही सही मागायचीच गरज नाही. खाण्याचे नियम जरूर असावेत, हट्टाने पाळावेत, घरच्या ताटावर त्यांच्याबाबत एक इंचही मागे हटू नये. पण त्यांच्या समर्थनाला प्राचीनतेला उभं करू नये, कारण ही साक्षीदार उलटतपासणीत हमखास फुटते. आणि ती फुटली तरी नियमाचं काही बिघडत नाही, हे दोन्ही बाजू विसरतात.

काट्याचंच घ्या. गिलसाहेबांच्या सभ्यतेचं हे चिन्ह युरोपात आलं तेव्हा त्याचं स्वागत कसं झालं? अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलची एक राजकन्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या घराण्यात सून म्हणून आली. ती बोटांनी अन्नाला शिवत नसे. सेवक तुकडे करून देत आणि ती ते सोन्याच्या दोन दातांच्या काट्याने उचलून तोंडात घाली. पीटर डॅमियन या धर्माचार्यांना हा उन्मत्तपणा वाटला. पुढे ती रोगाने गेली, तेव्हा त्यांनी त्यात ईश्वरी न्याय पाहिला. त्यानंतर सहाएकशे वर्षांनी टॉमस कोरियट नावाचा इंग्रज प्रवासी इटलीत काटा वापरायला शिकला, घरी जाऊनही वापरत राहिला आणि १६११ साली त्याने ते लिहून छापलं. मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली. पुरुषासारखा पुरुष आणि हाताने खात नाही! हे गृहस्थ पुढे बरंचसं अंतर पायी तुडवत हिंदुस्थानात आले आणि १६१७ साली सुरतेत वारले. ज्या वस्तूवरून लंडनमध्ये हसू झालं, तिच्याच जोरावर आज कुणी दुसऱ्याला रानटी ठरवावं, याला काय म्हणायचं? पण थांबा, यावरून ‘म्हणून हाताने खाणंच खरं’ असंही काही सिद्ध होत नाही. एवढंच होतं की चारशे वर्षांत कपाळावरच्या आठ्या एका बाजूच्या उठून दुसऱ्या बाजूला गेल्या.

खाण्याच्या नियमांची राजधानी मात्र इटली. जेवणानंतर कापुचिनो मागितलात तर वेटर तो आणून देईल, पण असा पाहील की तुम्ही त्याच्या आजीच्या श्राद्धाला रंगीत टोपी घालून आलात. दूध सकाळचं, भरल्या पोटावर ते पचत नाही, म्हणून अकरानंतर कापुचिनो नाही. मग रात्री जेवणावर दुधाचंच आइस्क्रीम कसं चालतं, हा प्रश्न इटलीत विचारायचा नसतो. माशाच्या पास्त्यावर चीज नाही. स्पॅगेटी सुरीने कापायची नाही. आणि बोलोन्या शहराने तर कमालच केली. तिथली तालियातेल्ले नावाची पास्त्याची पट्टी किती रुंद असावी, हे १९७२ साली चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवून ठेवलं: शिजल्यावर आठ मिलिमीटर, अर्थात शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. नमुना म्हणून सोन्याची पट्टी काचेत ठेवली. दहा वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९८२ रोजी, तिच्यावर घालायच्या मांसाच्या रश्श्याची, रागूची, कृतीही तिथेच दाखल झाली. २०२३मध्ये त्या कृतीत रीतसर दुरुस्तीही केली. घटनादुरुस्तीला लागत नसेल इतकं गांभीर्य! मनोरा बाराव्या शतकातला, पास्ता मापणारी समिती विसाव्या शतकातली, आणि दोघांचं लग्न लावून दिल्यावर पट्टीलाही आपसूक आठशे वर्षांचं वय मिळालं.

या देशात मार्च २०२३मध्ये अल्बेर्तो ग्रांदी या पार्माच्या प्राध्यापकांनी एका इंग्रजी वृत्तपत्राला मुलाखत दिली आणि मधमाश्यांच्या पोळ्यात हात घातला. त्यांचं म्हणणं, इटालियन जेवणातल्या पुष्कळशा ‘सनातन’ गोष्टी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आहेत. शेतकऱ्यांच्या बलाढ्य संघटनेने हा इटालियन जेवणावरचा हल्ला ठरवला. ग्रांदींची सगळीच विधानं टिकतील असं नाही. वाद ओढवून घेण्याची त्यांना हौस दिसते. पण मुख्य मुद्द्याला पुरावा आहे. कार्बोनारा हा रोमचा प्राण मानला जाणारा पास्ता घ्या. युद्धापूर्वीच्या रोमन पाककृतींत तो सापडत नाही. त्याचा उल्लेख १९५०च्या आसपास दिसू लागतो, त्याची छापील कृती १९५२ साली येते ती शिकागोत, आणि इटलीत १९५४ साली एका मासिकात आली तेव्हा तिच्यात लसूण होता आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर चीज होतं. आज रोममध्ये कुणी कार्बोनारात लसूण आणि ग्रुयेर घालून दाखवावं! अमेरिकी सैनिकांच्या शिध्यातलं बेकन आणि अंड्याची पूड यांतून तो जन्मला, असं पुष्कळ जण मानतात. चियाबात्ता हा पाव, जो पाहिला की रोमन सैनिक त्यावर जगले असतील असं वाटतं, तो १९८२ साली अर्नाल्दो कावाल्लारी नावाच्या गिरणीमालकाने तयार केला. फ्रान्सच्या लांब पावाने सँडविचचा बाजार खाल्ला होता, त्याला उत्तर म्हणून.

तेव्हा इतिहासाच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे मोकळेपणी दिलं पाहिजे की कागदपत्रं त्यांच्याकडे आहेत. इटलीला एकटं पाडण्याचंही कारण नाही. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून वितळलेल्या चीजचा फोंड्यू मिरवतो, तो या पदावर बसला १९३०च्या दशकात, चीजचा साठा खपवायला निघालेल्या चीज-उत्पादकांच्या संघाच्या प्रचारामुळे. थायलंडच्या पाड थाईला राष्ट्रीय दर्जा दिला तो फिबुनसोंगख्राम यांच्या राष्ट्रवादी सरकारने, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे. आणि पदार्थ तर चिनी पद्धतीच्या शेवयांचा. जपानी सुशीवरचा तो गुलाबी सामन मासा जपान्यांनी नॉर्वेकडून घेतला. पॅसिफिकमधल्या सामनात जंत असतात म्हणून जपानी माणूस तो कच्चा खात नसे. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे मत्स्यशेतीत वाढवलेला सामन उदंड झाला, तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षं चिकाटीने जपानच्या गळी तो उतरवला. आणि नाताळच्या रात्री जपानमध्ये काय खातात? केंटकीचं, म्हणजे केएफसीचं, तळलेलं चिकन. १९७४ साली कंपनीने ‘नाताळला केंटकी’ अशी जाहिरात सुरू केली. आज लोक कित्येक आठवडे आधी नोंदणी करतात आणि दुकानाबाहेरच्या संस्थापक कर्नलच्या पुतळ्याला लाल टोपी चढते. देशात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का.

इथे इतिहासवाले टाळी वाजवून म्हणतात, ‘पाहा, सगळं बनावट! जाहिरातवाल्यांनी, मंत्र्यांनी आणि समित्यांनी तुम्हाला टोपी घातली, आता तरी हे सोवळं सोडा.’ आणि इथेच त्यांचं चुकतं. जी चूक ‘आजीपासून असंच’ म्हणणाऱ्यांची, तीच उलट्या अंगाने त्यांची. दोघांचीही समजूत एकच, की नियमाचं वजन त्याच्या वयावर ठरतं. एक म्हणतो जुना आहे म्हणून पाळा, दुसरा म्हणतो जुना नाही म्हणून सोडा. क्रिकेटचं षटक सहा चेंडूंचं का? इंग्लंडमध्ये ते १८८९पर्यंत चार चेंडूंचं होतं, मग पाचचं, १९००पासून सहाचं. ऑस्ट्रेलियात तर १९७९पर्यंत कितीतरी वर्षं आठचं. हे ठाऊक असलेला कुणी गोलंदाज सातवा चेंडू टाकायला निघाला आणि पंचांना म्हणाला, ‘अहो, सहा हा आकडा ऐतिहासिकदृष्ट्या बनावट आहे,’ तर पंच काय करतील? षटकाला इतिहास आहे, पण त्याचा अधिकार इतिहासातून येत नाही. मैदानावरच्या बावीस जणांनी आज सकाळी तो मान्य केलाय, यातून येतो. जपानमधला जो नातू आजोबांच्या लहानपणापासून घरात येणारा तो कागदी डबा चोवीस डिसेंबरला उघडतो, त्याला ‘ही जाहिरात होती’ हे सांगून तुम्ही त्याच्यापासून काय काढून घेणार? पन्नास वर्षं झाली. अजून किती झाली म्हणजे परंपरा म्हणाल, तेवढं सांगा, म्हणजे जपानला थांबायला सोपं जाईल.

मग हे नियम करतात तरी काय? काही थेट अर्थ वाहतात. जपानमध्ये भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मृतापुढे ठेवतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. हे एकदा कळलं की पुन्हा तशी चूक करायला हात धजत नाही. पण बहुतेक नियम असला काही अर्थ सांगत नाहीत, ते फक्त घर कुणाचं ते सांगतात. त्याच जपानमध्ये शेवया फुर्रकन आवाज करत ओढणं बिनचूक शिष्टाचार. २०१६च्या सुमाराला परदेशी पाहुण्यांना त्या आवाजाचा त्रास होतो, अशी चर्चा तिथल्या समाजमाध्यमांवर सुरू झाली आणि त्या ‘छळा’ला नावही मिळालं. त्यावर इन्स्टंट शेवयांच्या एका बड्या कंपनीने २०१७मध्ये एक विजेवर चालणारा काटाच जाहीर केला. फुरका मारला की काट्याला तो ऐकू जायचा, तो तुमच्या फोनला कळवायचा, आणि फोन मोठ्याने दुसराच आवाज काढायचा. पाहुण्याला तोंडावर ‘आमच्याकडे असंच खातात’ म्हणणं जड गेलं म्हणून एवढं यंत्र! त्यापेक्षा ते एक वाक्य स्वस्त पडलं असतं.

सगळेच नियम गोंडस असतात असं मात्र मी म्हणणार नाही. मे २०२२मध्ये इंटरनेटवर स्वीडन अवघ्या जगाच्या तोंडी सापडलं. कुणीतरी आठवण सांगितली की लहानपणी स्वीडिश मित्राकडे खेळायला गेलो, त्याच्या आईने जेवायला हाक मारली, आणि मला सांगण्यात आलं की तू इथे खोलीतच थांब, आमचं जेवण होईपर्यंत. मग एकेक स्वीडिश माणूस पुढे येऊन म्हणू लागला, हो, असं असायचं खरं. आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंत लोकांना भोवळ यायची बाकी राहिली. पोर घरात आणि ताट मांडत नाहीत? स्वीडनच्या बाजूने कारणं दिली गेली: त्या मुलाच्या आईनेही स्वयंपाक केला असेल, तिचा बेत आपण का मोडायचा, न मागता खाऊ घातलं की समोरच्यावर उपकाराचं ओझं होतं. कारणं ऐकून घेण्यासारखी आहेत. दुसऱ्याच्या घरच्या वेळापत्रकाचा इतका मान ठेवणारा समाज मला परका वाटला तरी निर्दयी वाटत नाही. पण खोलीत बसलेल्या त्या पोराच्या नाकात मीटबॉलचा वास जात असणार, आणि हा नियम मला काही केल्या पचत नाही. मला पचत नाही म्हणून स्वीडन रानटी होत नाही, एवढंच. (ते मीटबॉलही त्यांचे नाहीत, बरं का. राजा बारावा चार्ल्स अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातून कृती घेऊन आला, असं स्वीडनच्याच अधिकृत ट्विटर खात्याने २०१८ साली जगाला सांगून टाकलं.)

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप. कुणी म्हणेल, तुम्हाला हे सगळं गमतीचं वाटतं कारण तुमच्या ताटावर कुणी हक्क सांगितलेला नाही. नोव्हेंबर २०२०मध्ये चीनच्या पाओ त्साय या खारवलेल्या भाजीला आंतरराष्ट्रीय मानक मिळालं, आणि तिथल्या एका सरकारी वृत्तपत्राने जणू कोरियाच्या किमचीचाच, म्हणजे तिथल्या खारवलेल्या तिखट कोबीचाच, निकाल लागल्यासारखी बातमी दिली. त्या मानकात किमचीला हे लागू नाही, असं स्वच्छ लिहिलेलं असूनही. कोरियात संताप उसळला. ज्या देशाने १९१० ते १९४५ परक्याची, जपानची, राजवट सोसली, जिथे भाषा आणि नावंसुद्धा बदलायला लावली, त्याला ‘कोबीवरून काय भांडता’ म्हणणं सोपं आहे. युक्रेनचं बोर्श, म्हणजे बिटाचं सूप, तर आणखी कठीण. रशियाचे रणगाडे आत शिरल्यावर काही महिन्यांनी, जुलै २०२२मध्ये, युनेस्कोने बोर्श शिजवण्याची युक्रेनी परंपरा तातडीने जपायच्या यादीत घेतली. तिथे ‘जुना की नवा, कुणाचा का असेना’ असं कुणी हसून म्हणावं?

नाही म्हणणार. पण नीट पाहिलं तर तिथे भांडण बिटाचं नाहीच. शेजारी तुमचं वेगळं अस्तित्वच नाकारतोय, हे भांडण आहे, आणि ते बोर्शच्या वयाने सुटणारं नाही. उद्या बोर्श मुळात तिसऱ्याच कुणाचं निघालं, तर युक्रेनचा स्वतंत्र राहण्याचा हक्क कमी होईल? किमचीतली मिरची अमेरिका खंडातून आलेली, सोळाव्या शतकाआधी ती आशियात कुणी पाहिलेली नाही. त्याने कोरियाचा कोरियनपणा तसूभर तरी घटला? उलट, हक्क पदार्थाच्या जन्मदाखल्याला टांगला की एखाद्या प्राध्यापकाने जुनं मासिक उघडून दाखवलं तरी पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. युनेस्कोने बोर्शबाबत बोलताना हेही म्हटलं होतं की यादीत येण्याने मालकी किंवा एकाधिकार मिळत नाही. २०२०मध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी रव्याच्या दाण्यांचा कुसकुस एकत्र नोंदवला. यांतल्या पहिल्या दोघांचं एरवी सरहद्दीवरून विस्तव जात नाही. एकत्र सही केल्यावर आपापल्या घरी ‘कुसकुस तो आपलाच’ म्हणायला कुणाची जीभ अडखळली असेल, असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि त्याला मी पूर्ण मान देतो. ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या मेंढपाळाने मेंढीच्या (थोड्या शेळीच्याही) दुधाचं फेटा चीज करायचं आणि डेन्मार्कने गाईच्या दुधाचं पांढरं चीज त्याच नावाने विकायचं, याला फसवणूक म्हणतात. युरोपच्या न्यायालयाने २००५ साली फेटाचं नाव ग्रीसकडे ठेवलं आणि २०२२मध्ये डेन्मार्कला निर्यातीवरूनही दोषी धरलं, हे उत्तम झालं. पण हा बाजाराचा कायदा आहे, डब्यावर काय छापायचं याचा. डॅनिश माणसाने घरी सॅलडवर काय कुस्करावं याचा नाही. ही सीमा पुसली की काय होतं, ते जर्मनीने दाखवलं. १५१६ सालच्या बव्हेरियाच्या बिअरच्या शुद्धतेच्या फर्मानात घटक तीनच: जव, हॉप्स आणि पाणी. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण ते काय असतं हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. सबंध जर्मनीला हा नियम लागला तो १९०६ साली. एवढ्या भांडवलावर पश्चिम जर्मनी परदेशी बिअर अडवत राहिली, ग्राहकांच्या आरोग्यासाठी म्हणून! १९८७मध्ये युरोपच्या न्यायालयाने ते मोडीत काढलं. मजा अशी की बंदी उठली, परदेशी बिअर आली, आणि जर्मन माणूस आपलीच बिअर पीत राहिला. फर्मानाची जरूर नव्हती, सवय पुरेशी होती.

म्हणून माझी फूटपट्टी साधी आहे. ‘आम्ही असं खातो,’ हे वाक्य निर्दोष आहे. कितीही तावातावाने म्हणा. ‘माणसं असं खातात,’ हे म्हटलंत की तुम्ही गिलसाहेबांच्या पंगतीला बसलात, मग तुमच्या हातात काटा असो, चॉपस्टिक असोत की पाच बोटं. २००६मध्ये जपानच्या कृषिमंत्र्यांनी जगभरातल्या जपानी हॉटेलांची तपासणी करून खऱ्या-खोट्याचे शिक्के मारायची टूम काढली, तेव्हा ‘सुशी पोलीस’ म्हणून इतकं हसू झालं की ती गुंडाळावी लागली. याउलट आइसलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडनी योहानेसन. फेब्रुवारी २०१७मध्ये शाळकरी मुलांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, जमलं तर पिझ्झावर अननस घालायला बंदी करीन. जगभर गदारोळ झाला. मग त्यांनी खुलासा काढला: मला अननस आवडतो, फक्त पिझ्झावर नाही, मला न आवडणाऱ्या गोष्टींवर बंदी घालायचा अधिकार माझ्याकडे नाही, हे बरं आहे, तसा अधिकार असलेल्या देशात मला राहायला आवडणार नाही. एवढं नेमकं राज्यशास्त्र अननसावरून क्वचितच कुणी शिकवलं असेल. (तो अननसाचा पिझ्झा ग्रीसमध्ये जन्मलेल्या माणसाने कॅनडात १९६२ साली केला आणि हवाई हे नाव अननसाच्या डब्यावरून घेतलं. कुणी कुणाला परत पाठवायचं?)

भांडणं थांबावीत असं मी चुकूनही म्हणत नाही. चांगली भांडणं करावीत. २०१० साली जानेवारीत इस्रायलमधल्या अबू घोषमध्ये सुमारे चार टन हुमूस करून विक्रम केला. तो ठेवायला उपग्रहाचे संदेश पकडणारी तबकडी आणली होती. मे महिन्यात लेबनॉनने उत्तर दिलं: १०,४५२ किलो, कारण लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर. त्या सरहद्दीवर एरवी काय काय डागलं जातं ते पाहता, वाटलेल्या हरभऱ्यांचा हा मारा मला मानवजातीची प्रगती वाटतो. नायजेरिया आणि घाना टोमॅटोत शिजवलेल्या जोलोफ भातावरून वर्षानुवर्षं एकमेकांना टोमणे मारतात. २०१७मध्ये नायजेरियाच्याच मंत्र्याने टीव्हीवर सेनेगलचा जोलोफ उत्तम म्हटलं आणि घरी तोंड दाखवायची पंचाईत करून घेतली. जानेवारी २०२४मध्ये एका अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बाईंनी चहात चिमूटभर मीठ घालायला सुचवलं, तर लंडनच्या अमेरिकी दूतावासाने गंभीर सुरात निवेदन काढलं की चहात मीठ हे आमचं अधिकृत धोरण नाही, दूतावास चहा पूर्वीप्रमाणेच योग्य पद्धतीने करील, मायक्रोवेव्हमध्ये. आणि हे त्या ब्रिटिशांना, ज्यांच्या चहा करण्याच्या मानकाला (शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं) १९९९ साली इग्नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं पारितोषिक, मिळालं होतं.

सध्या माझं लक्ष डोनरवर, म्हणजे उभ्या सळीवर फिरवत भाजून कापलेल्या कबाबवर, आहे. एप्रिल २०२४मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तुर्कस्तानच्या दौऱ्यावर जाताना साठ किलोंचा डोनरचा गोळा विमानातून बर्लिनहून इस्तंबूलला घेऊन गेले आणि स्वतः सुरी घेऊन कापायला उभे राहिले. जर्मनीतल्या तुर्क वंशाच्या कित्येकांना हे फार लागलं. तीन पिढ्या राबून शेवटी आमची ओळख कबाबच का, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. इकडे तुर्कस्तानातून ब्रुसेल्सला, युरोपीय संघाकडे, डोनरची व्याख्या बांधून मागणारा अर्ज गेला होता: मांस कोणतं, मुरवायचं कसं, काप किती मिलिमीटरचे. जर्मनी हादरली, कारण बर्लिनचा डोनर त्यात बसेना. २०२५च्या सप्टेंबरमध्ये तो अर्ज मागे घेतला गेला. तेव्हा बर्लिनचा दुकानदार पावात कोबी कोंबून वर लसणाचा सॉस ओतणार, आणि इस्तंबूलचा दुकानदार त्याला नावं ठेवणार. तशी त्याने ठेवावीतच. फक्त ब्रुसेल्सला चिठ्ठी लिहू नये.